आळीच्या शिडीला कुलूप

मित्रांनो, महाडात चवदार तळ्यामागच्या एका आळीत भिंतीला टेकून उभी असते, ती जुनी शिडी मी. मला गोमाजी सुतारांनी सागवानातून घडवलं. पण मी नेमकी कुणाची, हे आळीत कुणालाच सांगता येणार नाही.

डोंगरातल्या कुडपण गावाहून उतरून आलेल्या ठकूबाई, माडीवरच्या हमीदाचाची, पत्र्याच्या खोल्यांतले भाडेकरू, टोकाच्या नव्या इमारतीतले लोक, सगळे मला न विचारता नेतात. हीच इथली रीत. ईदची तोरणं, गणपतीचं मखर, मार्चात तळ्यावर येणाऱ्यांसाठी घातलेला मांडव, सगळं माझ्यावरूनच चढलं. सावित्री नदीचं पाणी आळीत शिरलं, की माणसंसुद्धा.

इमारतीतल्या राजेशदादांना माझी काळजी वाटायची. त्यांनी मला तेल पाजलं, हिरवा रंग दिला आणि कुणी चोरू नये म्हणून मधल्या पायरीतून साखळी घालून खालच्या खिडकीच्या गजाला कुलूप लावलं. सगळे म्हणाले, बरं झालं, लागेल तेव्हा किल्ली मागू. मलाही मिरवल्यासारखं वाटलं.

त्याच वर्षी जुलैत भल्या सकाळी पुराचं पाणी आलं. राजेशदादा महाबळेश्वरला गेलेले, आंबेनळी घाटात दरड कोसळलेली, आणि किल्ली त्यांच्या खिशात.

पत्र्याच्या खोलीतली सारिका तान्ह्या मुलीला छातीशी धरून बाहेर आली. पाणी कमरेला लागलं होतं. इमारतीकडे जावं तर पाण्याला ओढ फार.

"सारिका, शिडी लाव गो! पोरीला दे माझ्याकडं!" हमीदाचाची माडीवरून ओरडल्या.

सारिकाने मला ओढलं. साखळी खणखणली. "चाची, कुलूप हाय!"

ठकूबाई कोयता घेऊन पाण्यातून आल्या. "बाजूला हो. पायरीच तोडते."

"आजी, शिडी मोडंल ना!"

"मोडूं दे! शिडी काय आरतीला ठेवायची हाय?"

मित्रांनो, तेव्हा मला एवढंच वाटत होतं, की घाव जोरात बसावा. पायरी तुटली, साखळी निसटली. दोघींनी मला माडीला लावलं. तुटल्या जागी सारिकाचा पाय क्षणभर अधांतरी राहिला. हमीदाचाचींनी खिडकीतून निम्मं अंग बाहेर काढून बाळ उचललं. मागून ठकूबाई चढल्या.

राजेशदादांनी परतल्यावर नवी पायरी बसवली. कुलूप मात्र पुन्हा लावलं नाही.

आता इथे सगळ्या इमारतीच होतील म्हणे. होऊ देत, जिने माझ्याहून भक्कम असतात. फक्त गच्चीच्या दाराला कुलूप लावू नका. खालून कुणीतरी लेकरू घेऊन चढत असेल.