बत्तीसनंतर एकोणपन्नास

सभागृहात साडेतीनशे माणसं बसली होती आणि एकाचीही मान हलत नव्हती. नाकावर माशी बसली तरी नाही, शेजारणीचं पोर रडलं तरी नाही. बाजूला बघायचं झालं तर माणूस अख्खं धड फिरवायचा, कपाटाचं दार उघडावं तसं. मला वाटलं, सगळ्यांची मान एकदम लचकली की काय. पण चेहऱ्यांवर दुखणं नव्हतं, समाधान होतं. ते बघून माझं डोकं फिरलं.

दाराबाहेर चपलांच्या रांगा होत्या. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे, दोरी धरून मांडलेल्या. माझी एक चप्पल जरा तिरकी पडली, तर छातीवर बिल्ला लावलेला स्वयंसेवक धावत आला.

"बाई, ही साधना आहे. चप्पल चुकली की जन्म चुकला."

"माझा चुकलाय आधीच," मी म्हटलं आणि आत गेले.

व्यासपीठावर गादीवर निरक्षरबाबा बसले होते. हे नाव मी ठेवलेलं नाही. मागच्या फलकावर तसंच लिहिलं होतं, आणि महाराजांना स्वतःला ते वाचता येत नाही, असं तो बिल्लेवाला मोठ्या अभिमानानं सांगत होता. ज्ञानी माणसाच्या नावावर आजवर बरंच काही खपलं. आता अडाणीपणही विकायला काढलेलं होतं आणि ते जोरात चाललं होतं.

"लेकरांनो, मी अंगठेबहाद्दर," बाबा डोळे मिटून म्हणाले. "मला अक्षर कळत नाही. मी पोकळ नळी. आत वारा त्यांचा. देवळातला पुजारी माझ्यातून बोलतो, मशिदीतला म्हातारा बोलतो, चर्चमधला पाद्री बोलतो, मठातला भिक्खू बोलतो. जगातले सगळे धर्म या एका नळीतून वाहतात."

नळी म्हटली की गळती आलीच, पण मला कोण विचारतो. बाबांनी नाकातून आवाज काढला. भिक्खू आले होते म्हणे.

"मान स्थिर ठेवा, म्हणजे दुःख दिसेल. दिसलं की ते निघून जाईल."

साडेतीनशे माना आणखी ताठ झाल्या. तिसऱ्या ओळीत माझी ताई होती, तिला शोधतच मी आले होते, तिचीही झाली. आणि मी कान टवकारले, कारण ते वाक्य माझं होतं.

आता थोडं स्वतःबद्दल सांगते. मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारी बाई. छापखान्यात मला कानामात्रा म्हणतात, आणि पाठीमागे याहून वाईट काहीतरी म्हणत असावेत. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. शिवणकाम करते. तिला लहानपणापासून फिट येते. मी सहा वर्षांची असताना ती पहिल्यांदा माझ्यासमोर जमिनीवर पडली, आणि ते बघून मला जो प्रश्न पडला तो पुढची कितीतरी वर्षं सुटला नाही. हिलाच का?

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताई बरी राहू लागली, पण माझा प्रश्न काही गोळीनं जाईना. म्हणून तरुणपणी मी अकरा वर्षं धर्म शोधत हिंडले. देऊळ, मशीद, चर्च, विहार, गुरुद्वारा, काही सोडलं नाही. प्रत्येक ठिकाणी जायचं, तिथल्या जुन्या माणसापुढे बसायचं आणि विचारायचं, माझ्या बहिणीनं काय पाप केलं होतं? कुणी म्हणालं मागचा जन्म, कुणी म्हणालं परीक्षा, कुणी म्हणालं त्याची इच्छा. एकानं तर माझ्याकडेच बघून विचारलं, की तुझं लग्न का झालं नाही. चहा सगळीकडे मिळाला, उत्तर कुठेच नाही. हे सगळं मी लिहून काढलं, आमच्याच छापखान्यात चौसष्ट पानांची पुस्तिका छापली, ताईकडून शिवून घेतली आणि तीनशे प्रतींतल्या कशाबशा चाळीस खपवल्या. स्वतःचं नाव घालायची हिंमत नव्हती, म्हणून 'एक शोधक' एवढंच घातलं.

त्या पुस्तिकेच्या अकराव्या पानावर एका भिक्खूचं बोलणं आहे. तो म्हणाला होता, "मन स्थिर ठेवा." छापलं गेलं, "मान स्थिर ठेवा." जगाचे काने-मात्रे तपासणारी मी, स्वतःच्या पुस्तकात एक काना जास्त सोडून बसले. 'ध'चा 'मा' निदान कुणी मुद्दाम तरी केला होता. माझा निव्वळ गलथानपणा. आणि त्या गलथानपणावर हा माणूस धर्म उभारून बसला होता.

एवढ्यावर हसून मी घरी गेले असते. पण सभा संपल्यावर ताई भेटली, तेव्हा तिच्या तर्जनीला जाड पट्टी दिसली.

"काय झालं?"

"मशीनची सुई गेली," ती धड वळवून म्हणाली. "शिवताना मान खाली करायची नाही ना. अंदाजानं शिवते."

"ताई, खरं सांग. फिट आली होती का?"

तिनं पट्टीचं बोट पदराखाली घेतलं. मग म्हणाली, "बारीकशी. महाराज म्हणाले, दुःख बाहेर पडतंय. एकवीस दिवसांत सगळं जाईल. आज चौदावा."

"आणि गोळ्या?"

"गोळी घेतली तर दुःख आतच अडकतं."

तीस वर्षं जिनं एक गोळी चुकवली नाही, तिची गोळी एका वाक्यानं बंद केली होती. मी रस्त्यातच ओरडले, मग घरी नेऊन समजावलं. कपाटातून पुस्तिका काढली, अकरावं पान दाखवलं, आणि बाबांचं ज्ञान म्हणजे माझी छपाईची चूक आहे, हे तीन वेळा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. ताई शांतपणे म्हणाली, "तुझ्या पुस्तकातही मान, महाराजांच्या तोंडीही मान. म्हणजे सत्य एकच, नाही का?"

हसावं की रडावं कळेना. अक्कल गहाण टाकली की माणसाला उत्तरं किती पटापट सुचतात बघा.

"आणि तू हे पुस्तक कधी वाचलंस गं?" मी चिडून विचारलं. "तीनशेच्या तीनशे प्रती तूच शिवल्यास ना?"

"शिवणारा वाचत बसला तर शिवणार कधी?" ताई म्हणाली.

तेच माझ्या डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी छापखान्यात मला बाबांचं कालचं आणखी एक वाक्य आठवत होतं. भिक्खूच्या नाकातल्या आवाजात ते म्हणाले होते, "माझ्या गुरूंनी मला एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे चपला काढताना डावी-उजवी बघून ठेवाव्यात, नाहीतर निघताना घोटाळा होतो." दोन्ही तुकडे माझेच. पण पहिला भिक्खूचा होता, आणि चपलांचा सल्ला मी चर्चच्या प्रकरणात वाचकांना दिला होता, कारण तिथल्या पायऱ्यांवर माझी एक चप्पल हरवली होती. हे दोन तुकडे एकमेकांना चिकटले कसे?

पुस्तिका उघडून बघितली. भिक्खूचं वाक्य बत्तिसाव्या पानाच्या तळाशी अर्धं तुटतं आणि तेहतिसाव्या पानावर पुरं होतं. चपला एकोणपन्नासाव्या पानाच्या डोक्यावर. छापखान्यात सोळा पानं एका मोठ्या कागदावर छापतात, तो घडी घालून एक फर्मा होतो, आणि असे फर्मे एकावर एक ठेवून पुस्तक शिवतात. तेहतीस ते अठ्ठेचाळीस म्हणजे बरोबर तिसरा फर्मा. तो मध्ये घालायचा राहिला, तर बत्तीसनंतर थेट एकोणपन्नास येतं. आणि अशा वीसेक प्रती ताईच्या हातून झाल्या होत्या, हे मला आठवलं, कारण त्यावरून मी तिला दोन दिवस बोलून घेतलं होतं. त्या प्रती आम्ही रद्दीत घातल्या होत्या.

एकविसावा दिवस रविवारी आला. ताईला व्यासपीठावर बोलवून तिच्या हातानं गोळ्यांची बाटली कचऱ्यात टाकायची, असा कार्यक्रम होता. मी पर्समध्ये पुस्तिका घालून तिच्या शेजारी बसले. तिचा चेहरा सुजलेला होता. रात्री झोप लागत नाही म्हणाली. डॉक्टरांनी कितीदा सांगितलं होतं, झोप मोडली की फिट येते. मला घाबरायला झालं होतं, हे कबूल करते.

बाबांनी ताईचा हात धरून तिला वर नेलं. बरोबर मीही चढले. बिल्लेवाला आडवा आला, तर म्हटलं, "सख्खी बहीण आहे. तुमच्या साधनेत बहिणीला मनाई आहे का?"

"येऊ दे," बाबा उदार होऊन म्हणाले. "शंकेखोरांचंही कल्याण होतं."

"महाराज, एकदा भिक्खूंना बोलवा ना," मी हात जोडले. "त्यांच्या गुरूंनी एकच गोष्ट शिकवली, ती ताईला जाताजाता ऐकू दे."

बाबांना स्तुतीचा वास लांबूनही येतो. त्यांनी डोळे मिटले, नाकातून हुंकार काढला आणि चपलांचं सगळं वाक्य म्हणून दाखवलं. लोकांनी हात जोडले. मी पुस्तिका बत्तिसाव्या पानावर उघडून ताईपुढे धरली.

"वाच."

"मान हलवायची नाहीये मला."

"एकदाच. मग तुझ्या मनासारखं."

ताईनं एकवीस दिवसांनी मान खाली घातली. वाचायला मान वाकवावीच लागते. तिनं बोट ठेवून बत्तिसावं पान वाचलं, तळाच्या ओळीवर आली, आणि मोठ्यानं वाचू लागली. "माझ्या गुरूंनी मला एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे... आजाऱ्याला आधी औषध द्यावं, उपदेश नंतर." ती थांबली. "चपला कुठे आहेत यात?"

"फार पुढे, दुसऱ्याच प्रकरणात. शिवताना तिसरा फर्मा राहिला तर पुढचं पान कुठलं येतं?"

ताईनं दोन पानांमधल्या खाचेतून बोट फिरवलं. तिचा चेहरा बदलला. तो मी ओळखते. कुणाच्या अंगावरच्या कपड्यावर आपलीच उसवलेली शिलाई दिसली की तिचा असा चेहरा होतो. ती बाबांकडे वळली, नुसती मान वळवून.

"महाराज, बत्तीसनंतर तेहतीस येतं."

"मुली, तुझा गोंधळ होतोय," बाबा म्हणाले. ते चिडले होते, आणि भक्तांसमोर हरायची त्यांना सवय नव्हती. "तेहतीस नाहीच. बत्तीसनंतर एकोणपन्नासच आहे."

मग पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या शिंप्यानं, ताईच्या ओळखीचा होता तो, सावकाश विचारलं, "महाराज, तुम्हाला वाचता येत नाही ना? मग पानांचे आकडे कुठून कळले?"

बाबांनी पुन्हा डोळे मिटले. या वेळी नळीतून कुणीच आलं नाही.

"यांची प्रत माझ्या हातची आहे," ताई लोकांना म्हणाली. "फर्मा मी विसरले होते. माझी चूक यांनी पाठ केली आणि मलाच औषध म्हणून दिली."

चमत्कार तो एवढाच. रद्दीतलं एक अर्धवट पुस्तक, बरं पाठांतर, आणि नाकातून आवाज काढायची कला. लाज वाटायला हवी होती, पण बाबा मागच्या दारानं गेले ते चपला न घालताच. तुम्हाला वाटेल लोक भानावर आले. निम्मे आले. उरलेले पायऱ्यांवर एकमेकांना सांगत होते, की महाराजांना पानांचे आकडेसुद्धा दिव्यदृष्टीनं दिसतात. अशा डोक्यांपुढे मी हात टेकले आहेत.

ताईला तिथूनच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते लिहून दिलं आणि तिला चार शब्द सुनावले. घरी आल्यावर ती गोळी हातात धरून बसून राहिली.

"तुला एक विचारू?" ती म्हणाली. "तू अकरा वर्षं हिंडलीस. मलाच का, हे कुणीच सांगितलं नाही?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईला, माझ्यासमोर. जन्माच्या वेळी तुझ्या मेंदूला बारीकशी इजा झाली. तेवढंच. कुणाचं पाप नाही, कुणाची परीक्षा नाही."

"मग तू कशाला हिंडलीस?"

"मला ते फार साधं वाटलं गं," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. "तुझ्या एवढ्या त्रासाला एवढंसं कारण मला पुरेना. मोठं कारण हवं होतं. तो बाबा जे विकतो, तेच विकत घ्यायला मी अकरा वर्षं दारोदार फिरले. मला तो भेटला नाही, हे माझं नशीब."

ताईनं गोळी घेतली, वर ग्लासभर पाणी प्यायली आणि जाऊन झोपली. मी तिच्या खोलीबाहेर बसून राहिले.

वाचकहो, मोठ्या दुःखाला मोठं कारण असतंच असं नाही. ते शोधायचं तर खुशाल शोधा, देवळात जा, चर्चमध्ये जा, मीही गेले होते. पण न वाचता ज्ञान झालं असं कुणी सांगू लागला तर त्याला पान क्रमांक विचारा, आणि तुमच्या माणसाचं औषध कुणी बंद करू लागला तर त्याला दाराबाहेर काढा. 'का' या प्रश्नाचं उत्तर नाही मिळालं तरी माणूस जगतो. गोळी चुकवू नका.