धाकटीची गाडी

दर रविवारी सकाळी बाबा धाकटीकडे जात आणि इकडे ताईच्या पोटात दुखायला लागे.

निमित्त असायचं धाकटीच्या गाडीचं. बावीस वर्षांची ती चिमुकली गाडी मुळात बाबांचीच. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती धाकट्या लेकीला देऊन टाकली. ताईला गाडीचा हव्यास नव्हता. ती दातांची डॉक्टर. दारात नवीकोरी गाडी उभी, तिची कधी कुरकुर म्हणून नाही. म्हणूनच बाबा तिच्याकडे फिरकत नसत. धाकटीकडे मात्र आज क्लच अडकला, उद्या स्टार्टर दाद देईना, परवा सायलेन्सर लोंबायला लागला. बाबा बॉनेटमध्ये डोकं खुपसायचे, धाकटी पाने-पक्कड हातात द्यायची आणि दोघांच्या गप्पा दुपारपर्यंत संपायच्या नाहीत.

"तुझं बरं आहे," ताई एकदा म्हणालीच. "गाडी बिघडली की बाबा हजर!"

"मग घे की माझी, दे तुझी," धाकटी हसली.

ताई हसली नाही. "दे चार दिवस. माझी सर्व्हिसिंगला टाकायचीय."

सर्व्हिसिंग मागच्याच आठवड्यात झालं होतं.

बुधवारी दवाखान्यातून परतताना चढावर धाकटीच्या गाडीचा तापमानाचा काटा लाल रेषेला भिडला आणि बॉनेटमधून भसाभसा वाफ निघू लागली. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. मनात कुठेतरी गुदगुल्याही झाल्या. तिने बाबांना फोन लावला.

"इंजिन बंद कर. रेडिएटरचं झाकण उघडू नकोस, भाजशील. आलोच मी!"

अर्ध्या तासात बाबा बसने आले. एका हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्या हातात हत्यारांची पिशवी. इंजिन निवेपर्यंत दोघं कठड्यावर बसून राहिली.

"बाबा, माझ्याकडे का नाही हो येत तुम्ही?"

बाबा गडबडले. "येऊन करू काय? मी सोफ्यावर बसतो, तू घड्याळ बघतेस. तिकडे निदान हाताला काम मिळतं."

"मी घड्याळ बघते?"

"बघतेस."

झोंबलं, पण खोटं नव्हतं.

रेडिएटरच्या रबरी पाइपची क्लिप सैल झाली होती. बाबांचा जाडजूड हात त्या सांदीत शिरेना. "द्या इकडे," म्हणत ताईने दोन बोटं आत घातली आणि स्क्रू आवळला. रोज लोकांच्या दाढांशी झुंजणाऱ्या हाताला हे काय अवघड!

"हात चांगला आहे गं तुझा," बाबा म्हणाले. "धाकटीला हे कधी जमलं नाही. नुसती बडबड करते ती."

ताईला कोण आनंद झाला! एवढ्यात धाकटीचाच फोन आला. तिला गाडी उद्याच हवी होती.

"उद्या? छे गं, पाइप फुटलाय. रविवारी बाबा माझ्याकडे येऊन बघणार आहेत," ताईने बेधडक ठोकून दिलं.

बाबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. मग ते रेडिएटरमध्ये पाणी ओतू लागले.

रविवारी ते आले. मागोमाग बोलावणं नसताना धाकटीही आली. बाप-लेक बॉनेटमध्ये ओणवी झालेली पाहून ती फाटकातच थबकली.

"आणि मी काय करू?" तिने तोंड फुगवून विचारलं.

"कॅन भरून आण," ताई मान वर न करता म्हणाली.