एकोणीस धागे

इंदिरानगरच्या ऑफिसात येऊन शाल्मलीला सहाच महिने झाले होते, आणि एवढ्यातच तिला हाताने काम करणाऱ्यांची कीव यायला लागली होती. शेजारची अलका रुग्णालयातल्या तीनशे रुग्णांच्या फायली एकेक उघडून दुरुस्त करायला बसली होती. जुन्या यादीत पेनिसिलिन न चालणाऱ्यांपुढे एकचा आकडा होता, चालणाऱ्यांपुढे दोनचा. नव्या प्रोग्रॅमला नेमकं उलटं हवं होतं. शाल्मलीने दोन ओळींची कमांड लिहिली: आधी सगळ्या एकांचे दोन कर, मग सगळ्या दोनांचे एक. अलकाचा चहा निवायच्या आत तीनशे फायली झाल्या.

"एकदा उघडून बघू," अलका म्हणाली.

"मग मशीन कशाला घेतलंय?"

दहा वाजता फ्लॉपी रिक्षाने रुग्णालयात गेलीसुद्धा. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

जेवून आल्यावर तिने सहज दोन किती आहेत ते मोजलं. शून्य. पहिल्या ओळीने सगळेच दोन झाले होते, दुसरीने सगळेच एक. आता तीनशेच्या तीनशे जणांना पेनिसिलिन चालत होतं. मूळ फायलींची प्रतही ठेवलेली नव्हती. तिच्या तोंडचं पाणी पळालं. गप्प बसावं, असंही मनात येऊन गेलं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

तिने रुग्णालयात फोन लावला; तो वॉर्डातल्या गंगव्वा सिस्टरनी उचलला. त्या बेळगावकडच्या.

"अक्का, कॉम्प्युटरमधलं सगळं चुकलंय. वॉर्डात पेनिसिलिन कुणालाच देऊ नका."

"थांबवते की. पण लाल धागे कापलो की हो आम्ही."

"कसले धागे?"

"न चालणाऱ्यांच्या मनगटाला बांधत होतो न्हवं. आता कॉम्प्युटर आलंय, कापा म्हणाले मॅट्रन. चिठ्ठ्यांसकट खिशात हाईत बघा."

प्रत्येक धाग्याच्या चिठ्ठीवर नाव होतं. गंगव्वा वाचत गेल्या, शाल्मली एकेक फाइल उघडून दोन लिहीत गेली. एकोणीस झाली.

"सरी, झालं. संपले."

"नक्की?"

पलीकडे खिसा चाचपल्याचा आवाज आला.

"कापलो वीस," गंगव्वा हळूच म्हणाल्या. "एक कुठं पडलंय. सोयराबाईंचं. त्यांना मघाशीच ऑपरेशनला नेलेत."

"तिथे सांगितलंत?"

रिसीव्हर टेबलावर आपटला, पळणाऱ्या चपला ऐकू आल्या.

शाल्मलीने सोयराबाईंची फाइल उघडली. एक होता. तिने तो पुसून दोन केला, आणि फोन कानाला तसाच धरून बसली.