घाटाची गाडी

“परत सातवा नंबर,” इंद्रजित म्हणाला. “हनुमंतमामा, वरव्याची रेस शेवटची. तिथं न्हाई जमलं तर टीम बंद. लोक हसाय लागलेत.”

उत्रोलीच्या या मोटारसायकल टीमचा मालक इंद्रजित, मेकॅनिक हनुमंत आणि रेसमध्ये गाडी चालवणारी आंबवड्याची शेफाली. एवढाच संसार, आणि तो तीन वर्षं मातीच्या ट्रॅकवर मार खात होता.

हनुमंतने ठरलेलं उत्तर दिलं. “गाडीत ताकद लई हाय. पोरगीच दबकून चालवती.”

“मामा, गाडी नुसती जोर करती, पुढं जात न्हाई,” शेफाली म्हणाली. “कवापास्नं सांगतीया मी तुमाला.”

“तू चालव. गाडीतलं मला कळतं.”

आणि कळायचं, हे कबूल केलं पाहिजे. हनुमंतचा हात लागलेली गाडी दोन माणसं आणि तांदळाचं पोतं घेऊन वरंधा घाट न कुरकुरता चढते, अशी त्याची भोर तालुकाभर ख्याती. मागच्या चाकाला जास्त दात्यांची चक्री बसवली की गाडीला चढावर ओढ येते. रेसच्या गाडीलाही त्याने तीच बसवली होती. ज्या विद्येने नाव दिलं, तिच्यावर माणूस संशय घेत नाही.

वरव्याला भात काढून मोकळ्या झालेल्या खाचरांत ट्रॅक केला होता. हनुमंत सरावाला नेहमी सुरुवातीच्या रेषेपाशी उभा राहायचा. यंदा तिथे गर्दी झाली, म्हणून तो लांबच्या वळणावर गेला. शेफाली वळणातून बाहेर पडली, तिने मूठ पिळून रेस दिली आणि मागचं चाक जागच्या जागी गरगरलं. जमिनीत वीतभर चर पडला. तेवढ्यात दोन गाड्या तिला ओलांडून गेल्या.

हनुमंतचे कान तापले. चिखलणीत ट्रॅक्टर रुतल्यावर रेस वाढवणाऱ्या ड्रायव्हरला त्याने जन्मभर अडाणी म्हटलं होतं. जोर कमी कर, चाकाला जमीन धरू दे, असं बांधावरून ओरडणारा तोच. आणि इथे तीन वर्षं पोरीच्या हातात त्याने रुतणारी गाडी दिली होती.

संध्याकाळच्या आत त्याने कमी दात्यांची लहान चक्री बसवली, मागच्या टायरची हवा थोडी उतरवली. “उद्या बघ,” एवढंच म्हणाला. चूक झाली, हे काही तोंडातून निघेना.

दुसऱ्या दिवशी पहिल्या वळणाला शेफाली सहावी होती. मग दर वळणातून बाहेर पडताना ती एकेकाला मागे टाकत गेली. इंद्रजित बांधावरून पळत सुटला, पडला, परत पळाला. पहिला नंबर अर्ध्या चाकाने हुकला, पण गुलाल मात्र उत्रोलीकरांनीच जास्त उधळला.

स्टेजवर इंद्रजितने टीम चालूच राहणार असं सांगून टाकलं. निवेदकाने माईक हनुमंतपुढे धरला. “काय जादू केलीत?”

हनुमंतने तेलकट हात पँटीला पुसले.

“जादू न्हाई. गाडी म्या चुकीची बांधली व्हती. ही पोरगी तीन वर्सं बरोबर सांगत व्हती, म्या ऐकलं न्हाई. वर ती दबकून चालवती असं गावभर बोललो. ते खोटं व्हतं. असल्या गाडीवर सातवा नंबर काढायला लई दम लागतो.”

आणखी काही बोलेल म्हणून लोक थांबले, त्यामुळे टाळ्या जरा उशिराच पडल्या. शेफाली स्टेजच्या पायरीवर उभी होती. रेस संपून अर्धा तास झाला होता, तरी तिने हेल्मेट पुन्हा डोक्यात घातलं आणि काच खाली ओढून घेतली.