सेल्मा परत आलीच नाही

ऐंशी ओलांडल्यावर मॉडी लिंडक्विस्ट आयुष्यात पहिल्यांदा लाच द्यायला निघाली. लाच म्हणजे दालचिनीचा केक. गावातल्या लिरिक थिएटरात आज दुपारी तिने तरुणपणी नायिका म्हणून केलेला सिनेमा लागणार होता आणि पाहुणी तीच होती. धापा टाकत ती जिना चढून प्रोजेक्टर चालवणाऱ्या रुथॅनच्या खोलीत पोचली.

"रुथॅन, पोरी, शेवटचं रीळ लावू नकोस."

"आजी, डोकं ठिकाणावर आहे ना? मी आजवर एकही सिनेमा अर्धवट सोडलेला नाही!"

"अगं, तो पाचव्या रिळातच संपतो. पुढचं सगळं थोतांड आहे."

सिनेमातली सेल्मा लाकडाची गिरणी चालवते, बेधडक खोटं बोलते, नवऱ्याला घराबाहेर काढते आणि लेकीवर जीव ओवाळून टाकते. शेवटी ट्रक काढून लेकीसकट पुलावरून निघून जाते. पण असल्या बाईला सुखासुखी जाऊ द्यायचं नाही, असा तेव्हा सिनेमावाल्यांना नियमच होता. म्हणून मॉडीला पुन्हा बोलावून सहावं रीळ काढलं. त्यात सेल्मा नवऱ्याच्या पायाशी बसून रडत माफी मागते. त्या रडण्याची मॉडीला अजून चीड होती. त्यानंतर तिने तो सिनेमा कधी पाहिला नव्हता.

"बघते," रुथॅन म्हणाली. केक मात्र तिने ठेवून घेतला.

सिनेमा रंगला. सेल्माने बँकवाल्याला उल्लू बनवलं तेव्हा बायकांनी शिट्ट्या मारल्या. मॉडीचं लक्ष मात्र पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात होतं. रीळ संपत आलं की तिथे एक ठिपका चमकतो आणि तो पाहून वरचा माणूस पुढचं रीळ लावलेला दुसरा प्रोजेक्टर सुरू करतो. प्रेक्षकांना त्याचा पत्ताही नसतो.

पाचवं रीळ संपत आलं. ट्रक पुलावर चढला. ठिपका चमकला. मॉडीने डोळे गच्च मिटले.

उघडले तेव्हा दिवे लागले होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. तिला हसू आवरेना.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून हार्लन वोस उठला. हा गावचा जुना हार्डवेअरवाला, प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणारा. "अहो, संपला कुठे? मी तेव्हा पाहिलाय! ती परत येते, माफी मागते!"

मॉडी काठी टेकत उभी राहिली. "कुठे परत आली? मला विचार ना, ट्रक मीच चालवत होते!"

थिएटर हसून लोटपोट झालं. हार्लन मात्र हटेना. "आयरीन, तू सांग यांना. तू होतीस ना माझ्याबरोबर?"

त्याची बायको पर्स आवरत होती. "होते ना. पण ट्रक पुलावर गेल्यावर मी तेव्हाही डोळे मिटून घेतले होते."

हार्लन मटकन खाली बसला. मॉडी दोन रांगा ओलांडून आयरीनपाशी गेली आणि तिचा हात धरून म्हणाली, "चल गं, वर केक आहे. त्या पोरीने संपवला नसेल तर."