शेगडीमागचं भोक

खिडक्या बसवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, ही माझी मिजास. दादाच्या घरी दुहेरी काचा बसवल्या तेव्हा तर अंगात वारंच शिरलं होतं. दोन काचांमध्ये कोंडलेली हवा घरातली ऊब बाहेर जाऊ देत नाही, कोळसा निम्म्याने कमी लागेल, असं वहिनीला छातीठोकपणे सांगितलं. मग माझ्या नेहमीच्या पद्धतीने पेटती मेणबत्ती चौकटींभोवती फिरवली. ज्योत हलली नाही. हलली ती शेगडीमागच्या भिंतीतल्या भोकापाशी. तिथून गार वारा येत होता. कुणी सांगितलं नव्हतं, पण सख्ख्या भावाचं घर! फोम मारला आणि भोक बुजवून टाकलं.

आज सकाळी काच कापता कापता हीच फुशारकी आमच्या दुकानाच्या मालकीणबाईंसमोर मारली. त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"अरे शहाण्या, मग शेगडीला हवा कुठून?"

"खिडक्यांच्या फटी..." म्हणता म्हणता लक्षात आलं. फटी तर मीच बंद केल्या होत्या. हवा मिळाली नाही की कोळसा विषारी वायू सोडतो. त्याला ना वास, ना रंग. परवाच वहिनी म्हणाली होती, "भावजी, खिडक्या बदलल्यापासून ह्यांचं डोकं सारखं दुखतंय." आणि मी गाढव हसून म्हणालो, "उबेची सवय नाही त्याला!"

वहिनी शाळेत शिकवायला गेलेली. दादा घरी एकटा. त्याचा फोन नुसता वाजत राहिला.

मी पळत सुटलो. दार आतून बंद. खिडकीतून दादा दिसला, खुर्चीत, नुसत्या बनियनवर, मान कलंडलेली. गळा फाटेस्तोवर हाका मारल्या. आवाज आत जाईल तर शपथ! कमरेची हातोडी काढून हाणली. बाहेरची काच फुटली, आतली तशीच. जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या कामाला शिव्या घातल्या. पुन्हा हाणली, पुन्हा हाणली. ती फुटल्यावर आत हात घालून खिडकीची कडी काढली, आत शिरलो आणि दार उघडून दादाला ओढत अंगणात आणलं. श्वास चालू होता, पण अगदी मंद.

दवाखान्यात तासाभराने त्याने डोळे उघडले. तोवर वहिनीही धापा टाकत पोचली होती. शेगडीमागचं भोक बुजलंय, एवढंच मी डॉक्टरांना सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "हवेचं भोक कुणी बुजवलं?"

मी तोंड उघडायच्या आत दादाने ऑक्सिजनचा मुखवटा बाजूला केला. "मीच. थंडी वाजत होती."

वहिनी भडकलीच. "अक्कल गहाण टाकली होती का? मला विधवा करायला निघाला होतात!"

दादा मुकाट ऐकत होता. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. लहानपणापासून हा असाच, मार माझ्या वाटचा आणि पाठ त्याची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वहिनी, त्याला बोलू नकोस. मी बुजवलं."

ती माझ्याकडे वळली. मग पलंगाच्या कडेवर मटकन बसली.

"गाढवा," दादा कसाबसा म्हणाला, "मी सांभाळून घेतलं होतं ना!"