जपून ठेवलेलं घिरट

मी एक जुनं घिरट आहे. आता निम्माच उरलो आहे, पण ते कसं झालं ते ओघाने येईलच. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी माझं नावही ऐकलं नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. पीठ दळायचं जातं तुम्ही निदान चित्रात तरी पाहिलं असेल. मी त्याचाच लाकडी भाऊबंद. जातं दाण्याचं पीठ करतं. मी भाताचं नुसतं टरफल काढतो आणि आतला दाणा शाबूत ठेवतो. शेतातून घरात येतं ते भात, टरफल निघालं की तो तांदूळ, आणि या दोघांच्या मध्ये मी.

शहापूर तालुक्यात किन्हवलीच्या पुढे ओढा ओलांडला की आमची वाडी लागते. तिथल्या बारकू सुताराने मला शिवणीच्या एका जाड खोडातून घडवलं. खोडाचे दोन गोल ओंडके केले. खालचा पडवीत जमिनीला पक्का बसवला, त्याच्या मधोमध एक खुंट ठोकला आणि त्या खुंटावर वरचा ओंडका फिरता ठेवला. दोघांच्या समोरासमोरच्या तोंडांवर त्याने पटाशीने दाते कोरले. बारकूची बिडी विझली की त्याचं कामही थांबायचं, त्यामुळे मी जन्माला यायला चांगलाच उशीर केला.

त्या घरात जनाबाई नुकतीच लग्न होऊन आली होती. ती आणि तिची जाऊ माझ्या दोन बाजूंना पाय पसरून बसत आणि मला फिरवत. वरून भात ओतायचं, कडेने तांदूळ आणि तूस बाहेर पडायचं, मग सुपाने पाखडायचं. सासूच्या तक्रारी, माहेरच्या आठवणी, शेजारणीच्या उचापती, सगळं माझ्या कानावरून गेलं, आणि मी त्यातलं एक अक्षर कुठे बोललो नाही. वाडीत कुणाचं लग्न निघालं की भात माझ्याकडे यायचं. माझा तांदूळ कमी तुटतो असं बायका म्हणत. खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला फार आवडायचं.

पुढे किन्हवलीला विजेवर चालणारी गिरणी आली. दोघी बायका सकाळभर जे भात भरडत, ते तिथे चहा पिऊन होईपर्यंत निघायचं. जनाबाईच्या खांद्यांना विसावा मिळाला, म्हणून मी गिरणीचा कधी राग धरला नाही. पण पडवीत पडून राहणं सोसत नाही. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. कुणी छत्री वाळत टाकली, कुणी टोपली ठेवली. घराला लादी बसली तेव्हा जमिनीतलं भात कांडायचं उखळही लादीखाली गेलं. वाडीत बहुतेक घरी असंच झालं, आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

जनाबाईचा मुलगा कुंडलिक भिवंडीजवळच्या गोदामात कामाला जायचा. टाळेबंदी लागली तेव्हा तो तिकडेच अडकला आणि शेवटी चालत घरी आला. वाटेत बंद दुकानांसमोर उपाशी बसलेली माणसं त्याने पाहिली. खिशात पैसे असून कुणाला काही मिळत नव्हतं. ते दृश्य त्याच्या मनातून गेलंच नाही. सगळं पुन्हा बंद पडलं तर आपण काय खायचं, हा एकच प्रश्न त्याच्या डोक्यात बसला.

मग त्याने तयारी सुरू केली. काड्यापेट्या घट्ट झाकणाच्या बाटल्यांत भरल्या. मीठ, मेणबत्त्या, दोर, तापाच्या गोळ्या, हाताने फिरवून पेटणारी बॅटरी, सगळं एका कपाटात नीट लावलं. मोबाइलवर पाहून ओल्या लाकडांचा जाळ करायला शिकला आणि त्या नादात मिशीची एक बाजू जाळून बसला. एका रविवारी त्याने घरातली वीज मुद्दाम बंद ठेवून सगळ्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. त्याची बायको रंभा मालिका बघायला निमूट शेजारच्या हनुमानाच्या घरी निघून गेली. हनुमान तर रोज विचारायचा, "कुंडलिक, जग बुडालं का नाय अजून?" कुंडलिक हसायचा आणि आपलं काम करत राहायचा. लोक हसले तरी चालतील, घर उपाशी राहता कामा नये, असं त्याचं म्हणणं होतं. मला तो माणूस मनापासून आवडायचा.

त्याचं एक गणित तर अगदी बरोबर होतं. तांदळाला किडे लागतात, पण भात टरफलासकट दोन वर्षंसुद्धा टिकतं. म्हणून त्याने कणगी भाताने भरली आणि लागेल तेवढंच गिरणीवर न्यायचं ठरवलं. आणि वीजच गेली तर? तेव्हा त्याला माझी आठवण झाली. त्याने कोंबड्या हाकलल्या, मला घासूनपुसून काढलं, माझा खुंट ठाकठीक केला. इतक्या वर्षांनी माझ्यावर कुणाचा तरी मायेचा हात फिरला, आणि मी खुशीत होतो.

तेवढ्यात तो आत जाऊन एक डबा घेऊन आला. आसनगावच्या गॅरेजमधून आणलेलं, गाड्यांचं जळकं काळं तेल. आमच्याकडे घराच्या वाशांना आणि कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते लावतात. कुंडलिकने कपडा बुडवला आणि मला ते तेल माखायला लागला. वरून दोन हात मारले, मग वरचा ओंडका उचलून दात्यांच्या खाचाखाचांत पुन्हा भरलं. कुठे कोरडं राहू नये म्हणून तो अगदी वाकून बघत होता.

जनाबाई समोरच्या खाटेवर होती. तिला लकवा मारून गेला होता. उजवं अंग आणि वाचा, दोन्ही गेली होती. तिने ते तेल पाहिलं आणि डावा हात जोरजोरात हलवायला सुरुवात केली. घशातून आवाज काढला, उठायची धडपड केली, डोळ्यांत पाणी आलं. तिला काय सांगायचं होतं ते या जगात फक्त मला कळत होतं, आणि मी तर लाकूड.

"बघ गो रंभा," कुंडलिक म्हणाला, "घिरट काढलं तं आयेला किती आनंद झालाय."

रंभाने सासूचे डोळे पुसले. कुंडलिकने मला प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलं आणि गरज पडेल तेव्हाच सोडायचं, एरवी कुणी हात लावायचा नाही, अशी सगळ्यांना ताकीद दिली. एकदा, नुसतं एकदा त्याने मूठभर भात भरडून पाहिलं असतं तर चूक लगेच कळली असती. पण ज्याला जपायचं त्याला वापरायचं कसं, असा त्या भल्या माणसाचा विचार होता. दोन पावसाळे मी त्या कागदात काढले आणि तेल माझ्या गाभ्यापर्यंत मुरत गेलं.

मग तिसऱ्या पावसाळ्यात तो आषाढ आला. त्याच सुमाराला कुंडलिकची मुलगी कुणाली बाळंतपणासाठी माहेरी आली होती, आणि बाळाचं बारसंही अजून व्हायचं होतं. पाऊस धरला तो सोडेचना. ओढ्यावरची मोरी, म्हणजे आमचा छोटा पूल, वाहून गेली. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल मुके झाले. किन्हवली ओढ्यापलीकडे दिसत होती, पण पाण्याला ओढ इतकी की कुणी पाय घालायला धजावेना.

कुंडलिक डगमगला नाही. त्याने कपाट उघडलं आणि सगळ्या वाडीला वाटलं. ज्यांनी त्याची टर उडवली त्यांच्या घरी मेणबत्त्या आधी पोचवल्या. लोक तांदूळ पुरवून पुरवून खाऊ लागले, कारण प्रत्येकाच्या कणगीत भात होतं पण तांदूळ डब्याच्या तळाशी गेला होता. तेव्हा तो घरोघर सांगत फिरला, "तांदूळ सरला तरी घाबरू नका. आपल्याकडं घिरट हाय." घरातला शेवटचा तांदूळसुद्धा त्याने हनुमानाच्या पोरांना देऊन टाकला होता. माझ्या भरवशावर दिला होता.

आठवडा उलटला आणि घरोघरचे डबे रिकामे झाले. माणसं सुपांत भात घेऊन आमच्या पडवीत जमली. कुंडलिकने कागद सोडला, रंभाला समोर बसवलं आणि वरून भात ओतलं. मी फिरलो. मित्रांनो, इतक्या वर्षांनी फिरलो तरी टरफल अगदी स्वच्छ सोडलं. पण कडेने जो तांदूळ बाहेर पडला त्याला काळपट झाक होती, आणि सगळ्या पडवीत गॅरेजचा वास सुटला.

रंभाने तो तांदूळ पुन्हा पुन्हा धुतला आणि शिजवून आधी बाळंतिणीला वाढला. कुणालीने घास तोंडात घेतला, गिळायचा प्रयत्न केला आणि उठून बाहेर जाऊन ओकली. आत येऊन एवढंच म्हणाली, "बाबा, मला नाय जात हे."

कुंडलिकने घास स्वतः चाखला आणि थुंकला. मग तो वळून खाटेवरच्या जनाबाईकडे बघत राहिला. त्याला काय आठवलं ते त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं. मला त्याची फार दया आली.

मग जे सुचेल ते सगळ्यांनी केलं. गरम पाणी ओतलं, घासणी मारली, कपड्याने खाचा पुसल्या. तेल निघालं नाही. उलट लाकूड फुगलं आणि वरचा ओंडका खुंटावर असा अडकला की चार माणसांना हलेना. लोक आपापली सुपं उचलून निघून गेले. हनुमान जाताना थांबला, कुंडलिकच्या खांद्यावर हात ठेवला आणि या खेपेला त्याने काहीच विचारलं नाही.

घरात पाटा-वरवंटा होता. रंभा त्यावर भात रगडायला बसली. रगडावं, फुंकावं, पुन्हा रगडावं. हाताला फोड आले तेव्हा वाटीभर कणी जमली, एकदाच्या पेजेपुरती. पण गॅस संपला होता. कुंडलिकने साठवलेल्या सरपणावरचा पत्रा वाऱ्याने नेला होता आणि लाकडांतून पाणी गळत होतं. ओल्या लाकडांचा जाळ करायची विद्या त्या दिवशी त्याला साधली नाही. आत बाळ रडत होतं. कुणालीला दूध उतरत नव्हतं.

रंभाने माझ्याकडे बोट केलं. "आवो, ते तोडा. पोरीच्या पोटात काय नाय, तं ती बाळाला काय पाजंल?"

कुंडलिक कुऱ्हाड घेऊन आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मला म्हणायचं होतं, मार बाबा, माझा दुसरा काय उपयोग राहिलाय. पण मला कुठे काय म्हणता येतं. त्याने माझ्या वरच्या निम्म्याचे तुकडे केले. वरून ओले होते, पण आत दोन वर्षांचं तेल होतं, त्यामुळे पहिल्याच काडीला पेटले. काळा धूर घरभर झाला. भांड्यावर झाकण घट्ट लावून पेज शिजवली. कुणाली ती प्याली. नंतर बाळही निजलं. त्यापुढे रोज असंच चाललं. रंभा रगडायची, आणि माझे तुकडे एकेक करून चुलीत जायचे. शेवटचा तुकडा जळाला त्यानंतर ओढा उतरला आणि पलीकडून माणसं धान्य घेऊन आली.

आता मोरी नवी झाली आहे, वीज आली आहे, गिरणी फिरते आहे. एकेका घरची लादी काढून उखळं मोकळी करायची असं वाडीने तेव्हा एकमताने ठरवलं होतं. लाद्या जशाच्या तशा आहेत. कुंडलिकने तयारी पुन्हा सुरू केली आहे, पण आता तो आधी आईला विचारतो. तिच्या खाटेजवळ माझा उरलेला निम्मा भाग आहे, त्यावर तो संध्याकाळी बसतो. हो असेल तर हात वर करायचा, नाही असेल तर तसाच ठेवायचा, असं त्याने ठरवून दिलं आहे. पण हो किंवा नाही म्हणण्यासारखं त्याला फार थोडं सुचतं. बाकीचं सगळं जनाबाईपाशीच राहतं.

परवा त्याने विचारलं, "आये, मंग वाळवीला तू काय करायचीस गो?"

जनाबाईने डावा हात उचलला आणि चुलीकडे दाखवलं. पुन्हा दाखवलं. ती राख सांगत होती, मित्रांनो. दर पावसाळ्याआधी ती माझ्या बुडाशी चुलीतली राख पसरायची, बस, एवढंच. तिने तिसऱ्यांदा हात उचलला.

"चहा पायजे का तुला?" कुंडलिकने विचारलं, आणि लगबगीने उठून आत गेला. बशीत ओतून, फुंकर घालून, त्याने तिला अगदी मायेने चहा पाजला. जनाबाईने काही क्षण त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि निमूट पिऊन टाकला.

मित्रांनो, मला जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला फार जपलं गेलं. तुमच्या घरात जी माणसं अजून बोलताहेत, त्यांना बोलता येतंय तोवर विचारून घ्या. त्यांनी सांगितलेलं एकदा तरी आपल्या हाताने करून बघा. माझ्यासारख्यांना ते सांगता येत नाही.